कोणता कॅमेरा घेऊ? आणि आमच्या फ्रिजची गोष्ट

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना अडखळले, मध्येच कुकरची शिट्टी झाली, तेवढं काढून टाकलंय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)



मागच्या भागात मी म्हटलं होतं, प्रश्न पाठवा. ते सगळे एका वहीत उतरवून काढले. आर्मेचरच्या तारेबद्दल दोन, मातीबद्दल तीन, आणि उरलेली सगळी पानं एकाच प्रश्नाने भरली. "ताई, स्टॉप मोशन सुरू करायचंय, कोणता कॅमेरा घेऊ?" कुणी बजेट लिहिलंय, कुणी दोन मॉडेलं लिहून "यातलं कुठलं?" असं विचारलंय. एकाने तर लिहिलंय, "घरच्यांना पटेल असं कारणही सांगा."

त्या शेवटच्या प्रश्नाला मी आज उत्तर देणार आहे. पण त्यासाठी मला माझी एक थाप कबूल करावी लागेल.

जे पहिल्यांदा ऐकतायत त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगते. स्टॉप मोशन म्हणजे बाहुली किंचित हलवायची, फोटो काढायचा, परत किंचित हलवायची, परत फोटो. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. आपण हौशी माणसं बहुतेक वेळा एक फोटो दोनदा दाखवतो, म्हणजे सेकंदाला १२ फोटो, मिनिटाला ७२०. मी नाशिकला एका ऑफिसात हिशेब बघते. त्यामुळे हा आकडा मला पहिल्या दिवसापासून पाठ आहे आणि तरीही मी यात पडले.

थाप

तीन वर्षं मी मोबाईलवर करत होते. मग डोक्यात बसलं की आपलं काम कच्चं दिसतं ते मोबाईलमुळे. रिकरिंग मोडली आणि एक जुना डीएसएलआर घेतला, लेन्ससकट ३१ हजार. घरी सांगितलं १२ हजार. सासू-सासरे आमच्यासोबत राहतात, किंवा खरं सांगायचं तर आम्ही त्यांच्यासोबत राहतो, घर त्यांचं आहे. पस्तिशीची सून जेवणाच्या टेबलावर मातीचे बाहुले मांडून रात्री जागते, हेच आधी पचायला जड. त्यात ३१ हजार म्हणजे... असो. नवऱ्याला खरी किंमत माहीत होती, त्याने तोंड बंद ठेवलं.

फिल्म साधी होती. एक वायरमन खांबावर चढतो. वरच्या पेटीत चिमणीचं घरटं असतं. तो काम न करता खाली उतरतो आणि पिल्लं उडेपर्यंत रोज येऊन बघून जातो. एकूण ५२ सेकंद.

पहिले ११ सेकंद शूट करायला मला नऊ रात्री लागल्या. १३२ फोटो. साडेदहाला भांडी आवरली की सुरू आणि एक-दीडला बंद. पंखा बंद ठेवायचा, कारण वाऱ्याने चिमणीची पिसं हलतात. एप्रिल महिना. माती मऊ पडायची म्हणून वायरमनला डब्यात घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचे, दह्याच्या भांड्याशेजारी. (डबा घट्ट बंद हवा हां, नाहीतर बाहेर काढल्यावर बाहुलीला दव सुटतं.)

दहाव्या रात्री सगळे फोटो सलग चालवून बघितले. वायरमन छान चढत होता. आणि त्याच्यावरचा उजेड कमी-जास्त, कमी-जास्त होत होता, कुणीतरी दिव्याशी खेळतंय तसा. मोबाईलवर यापेक्षा बरं दिसायचं.

मी सगळं मॅन्युअलवर ठेवलं होतं. शटर, ॲपर्चर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फोकस, काहीही ऑटो नाही. म्हणजे कॅमेराच खराब निघाला, असं माझं मत झालं. आणि मला घरात कुरकुरही करता येईना, कारण १२ हजारांच्या वस्तूसाठी कुणी इतकं रडत नाही.

पाण्याला उठलेला माणूस

माझे सासरे वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेत. रात्री साडेअकराला ते पाणी प्यायला उठतात. त्या रात्री मी लॅपटॉपसमोर डोक्याला हात लावून बसले होते. ते मागे उभे राहून बघत होते, मला कळलंच नाही. म्हणाले, "हे परत लाव."

लावलं. परत लाव म्हणाले. तिसऱ्यांदा बोटांवर मोजत बघितलं.

"एका फोटोला किती वेळ लागतो तुला?"

"दोन मिनिटं, बाबा. कधी कमी."

"सात-आठ फोटो मंद येतायत. मग दहा-एक लख्ख. परत सात-आठ मंद. म्हणजे पंधरा मिनिटं मंद, वीस मिनिटं लख्ख. या घरात पंधरा मिनिटं चालून वीस मिनिटं बंद पडणारं काय आहे?"

आणि तेवढ्यात आमच्या दोघांच्या मागे फ्रिज घरघरायला लागला.

ते आत जाऊन मल्टिमीटर घेऊन आले. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी तो त्यांच्या उशाच्या कपाटातच असतो. ज्या बोर्डात माझे दिवे लावले होते तिथे मोजलं. फ्रिज बंद असताना २२६ व्होल्ट, चालू असताना २१५. फ्रिज आणि टेबलाजवळचा बोर्ड एकाच लाइनवर होते आणि बोर्डातला एक स्क्रू सैल झाला होता.

आता यातला खरा मुद्दा ऐका. २२६चं २१५ झालं म्हणजे पाचच टक्के कमी. पण मी वापरत होते ते जुने तारेचे पिवळे बल्ब. त्यांचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्यापेक्षा फार वेगाने कमी होतो. पाच टक्के व्होल्टेज गेलं की साधारण पंधरा टक्के उजेड जातो. खोलीत बसलेल्या माणसाला हे जाणवत नाही, डोळे लगेच सरावतात. कॅमेऱ्याचं सगळं आपण मॅन्युअलवर बांधून ठेवलेलं असतं, तो सरावत नाही. जे झालं ते नोंदवतो. म्हणजे ज्याला मी दोष देत होते तो एकटाच माझ्याशी खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मेन बंद करून तो स्क्रू आवळला. (हे तुम्ही स्वतः करू नका. वायरमन बोलवा.) माझे दिवे दुसऱ्या लाइनवर घेतले आणि बल्ब बदलून चांगल्यापैकी एलईडी लावले. चांगल्या एलईडीच्या आतलं सर्किट व्होल्टेज थोडं खालीवर झालं तरी उजेड सांभाळून घेतं. फार स्वस्तातले घेऊ नका, काही भराभर लुकलुकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. त्यावर उपाय सोपा आहे. शटर सावकाश ठेवा, पाव किंवा अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात अशा ५० लुकलुकी एकाच फोटोत मिसळतात आणि फरक उरत नाही. आपली बाहुली काही पळून जात नाही, त्यामुळे सावकाश शटर आपल्याला परवडतं.

उरलेली लुकलुक

एवढं करूनही थोडी लुकलुक राहिली. पण ती वेगळी होती. आधीची सावकाश, श्वासासारखी. ही फोटोगणिक, अंगावर काटा आल्यासारखी. हा फरक लक्षात ठेवा, कारण रोग त्यावरून ओळखायचा असतो.

सात-आठ फोटो मंद आणि मग लख्ख असं असेल, तर वीज बघा. हळूहळू एकाच दिशेने उजेड सरकत असेल, तर खिडकी. पडदा पुरत नाही, घोंगडी लावा किंवा रात्री शूट करा. रंग बदलत असेल, तर ऑटो व्हाइट बॅलन्स चालू राहिलाय किंवा तुमचे कपडे. हसू नका. मी एकदा लाल गाउन घालून सेटशेजारी उभी होते, वायरमनच्या गालावर लाली आली. काळे कपडे घाला आणि क्लिक करताना दर वेळी एकाच जागी उभे राहा.

आणि प्रत्येक फोटो आपापला वेगळा, काहीच ताल नाही, असं असेल तर लेन्स. डीएसएलआरची लेन्स एरवी पूर्ण उघडी असते. क्लिक केल्यावर तिच्यातली पाती ठरवलेल्या मापाला मिटतात आणि परत उघडतात. दर वेळी अगदी केसभर तरी वेगळ्या ठिकाणी थांबतात. एका फोटोत ते दिसत नाही, बारा फोटो एका सेकंदात दाखवले की दिसतं.

पारखायचं कसं? बाहुली काढून ठेवा. रिकाम्या सेटचे २४ फोटो काढा. मग ॲपर्चर पूर्ण उघडून, म्हणजे लेन्सवरचा सगळ्यात छोटा एफ-आकडा लावून, परत २४ काढा. शटर त्या मानाने जलद करा, नाहीतर फोटो पांढरे पडतील. दुसऱ्या २४मध्ये लुकलुक गेली, तर पाती दोषी. कारण पूर्ण उघड्या लेन्समध्ये पात्यांना हलावंच लागत नाही. मिररलेस असेल तरी हीच चाचणी करा.

मग कायम उघडीच ठेवायची का लेन्स? नाही. आपले सेट छोटे, कॅमेरा जवळ. उघड्या लेन्सने बाहुलीचं नाक स्पष्ट येतं आणि कान धूसर. एफ ८, एफ ११ असं काहीतरी लागतंच. म्हणून खरा इलाज म्हणजे हाताने फिरवायची ॲपर्चर रिंग असलेली जुनी लेन्स. रिंग फिरवून ठेवली की पाती तिथेच. निकॉनच्या जुन्या लेन्स साध्या ॲडॅप्टरने कॅननच्या डीएसएलआरवर बसतात, उलटं मात्र नीट जमत नाही. २००५चा टिम बर्टनचा 'कॉर्प्स ब्राइड' आठवतो? तो फोटो काढायच्या कॅननच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर शूट झाला आणि त्यांवर लेन्स निकॉनच्या होत्या. जुन्या बाजारात अशी लेन्स नव्या किट लेन्सपेक्षा स्वस्त मिळू शकते. फक्त आत बुरशी नाही ना, ते उजेडात धरून बघा.

मग मोबाईल की कॅमेरा?

आता वहीतल्या प्रश्नाकडे येते. गंमत बघा, बहुतेक मोबाईलच्या लेन्सला मिटणारी पातीच नसतात. म्हणजे हा तिसरा रोग मोबाईलला होतच नाही. म्हणूनच माझं मोबाईलवरचं काम बरं दिसायचं. मोबाईलचा रोग वेगळा, तो फार हुशार असतो. दर फोटोला स्वतःच ठरवतो, हा भाग उजळ करू, तो रंग वाढवू. म्हणून नुसत्या कॅमेरा ॲपने शूट करू नका. स्टॉप मोशन स्टुडिओसारखं ॲप घ्या आणि त्यात एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही कुलूपबंद करा. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर आत्याचा फोन येतो आणि अख्खा सेट थरथरतो. क्लिकसाठी पडद्याला बोट लावू नका. ब्लूटूथ रिमोट किंवा इअरफोनचं आवाजाचं बटण चालतं.

हे सगळं करून एक पूर्ण फिल्म झाली, भले २० सेकंदांची, आणि त्यात मोबाईलमुळे काय अडलं हे तुम्हाला नेमकं सांगता आलं, तर कॅमेरा घ्या. घेताना मेगापिक्सेल विचारू नका, आपल्या पडद्याला लागतात त्यापेक्षा ते कितीतरी जास्तच असतात. चार गोष्टी विचारा. सगळं मॅन्युअल होतं का? यूएसबीने कॉम्प्युटरवर लाइव्ह चित्र दिसतं का, आणि तुम्ही वापरणार त्या सॉफ्टवेअरच्या यादीत, ड्रॅगनफ्रेम म्हणा किंवा दुसरं काही, हे मॉडेल आहे का? भिंतीतल्या विजेवर चालवायची डमी बॅटरी मिळते का? कारण मध्येच बॅटरी बदलली की कॅमेरा हललाच म्हणून समजा. आणि जुना असेल तर शटर किती वेळा उडालंय? साध्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख क्लिकच्या हिशेबाने बनवलेलं असतं. लग्नाच्या फोटोग्राफरने वापरलेला असेल तर विचारूनच घ्या.

कॅमेरा काहीही असो, त्याच्याकडून आपल्याला एकच गोष्ट हवी असते. आपण बदललं तेवढंच बदललेलं दिसावं. बाकी काही हलू नये. आणि ते 'बाकी' बहुतेक सगळं तुमच्या घरात असतं. वीज, खिडकी, टेबलाचा पाय, गाउनचा रंग, झोप.

अंकुर

आम्हा नाशिककरांना फाळक्यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०चा, आणि शेवट नाशिकला, १९४४ साली. १९१२ साली ते लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी काय शूट केलं? कुंडीतला वाटाणा. रोज थोडं थोडं चित्रण करून 'अंकुराची वाढ' नावाची छोटीशी फिल्म केली. ती दाखवून पुढच्या सिनेमासाठी पैसे उभे राहायला मदत झाली. काटेकोर बोलायचं तर ते टाइम लॅप्स, आपल्या कामाचं सख्खं भावंडं. पण १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, ती काड्यांना हलवून केलेली, म्हणजे थेट आपलीच जात.

मला यात वाटाण्यापेक्षा घर दिसतं. कुंडी हलवायची नाही, कॅमेऱ्याला धक्का लावायचा नाही, हे घरातल्या प्रत्येक माणसाने पाळल्याशिवाय तो अंकुर वाढला नसता. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोकं पाडली, फिल्म धुतली, हे आपण सगळे वाचत आलोय. फाळक्यांचं नाव कॅमेऱ्यापाशी येतं. त्या कॅमेऱ्याला लागलेली स्थिरता कुणी दिली, तेही बघायला हवं.

कडप्पा

तर आमच्याकडे पुढे काय झालं ते सांगते आणि थांबते.

जेवणाचं टेबल हलायचं. खालून बस गेली की हलायचं. ट्रायपॉडचे पाय मी फरशीला चिकटपट्टीने बांधले, मधल्या दांडीला पाच किलो तांदळाची पिशवी लटकवली, तरी टेबल ते टेबलच. सासूबाई हे सगळं बघत होत्या, काही बोलत नव्हत्या. एका रविवारी उठले तर मागच्या खोलीतली कडप्प्याची खालची मांडणी रिकामी. तिच्यावरचे पापड-कुरडयांचे डबे पलंगाखाली गेले होते. म्हणाल्या, "हा दगड भिंतीत बसवलाय, हलत नाही. टेबल मला जेवायला पाहिजे."

यापेक्षा चांगली ॲनिमेशन स्टँड मी अजून पाहिलेली नाही.

त्या मांडणीवर ५२ सेकंद पूर्ण झाले. ६२४ फोटो, आणि टाकून दिलेले वेगळे. बाबांना दाखवली. ती गोष्ट त्यांचीच होती, कधीतरी जेवताना त्यांनी सांगितलेली. मी ती घेतलीय हे त्यांना सांगितलं नव्हतं. बघून झाल्यावर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हातमोजे नाहीत त्याच्या हातात. मी हातमोज्यांशिवाय कधी चढलो नाही." मी म्हटलं, बाबा, आता ६२४ फोटो परत काढावे लागतील. तर म्हणाले, "मग काढ. मी मीटर बघत बसतो."

तेव्हा मी ३१ हजारांचं सांगून टाकलं. म्हटलं, खोटं बोलले मी. ते हसले. म्हणाले, "हा मल्टिमीटर घेतला तेव्हा मी हिला अर्धी किंमत सांगितली होती." आतून सासूबाई म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं."

तर ज्याने विचारलंय, घरच्यांना पटेल असं कारण सांगा, त्याला माझं उत्तर. कारण शोधू नका. किंमत खरी सांगा, आणि पहिली २४ फोटोंची रिकामी चाचणी घरातल्या कुणालातरी शेजारी बसवून करा. लुकलुक कुठून येते ते शोधायला लावा. तुमच्या घरातही कुणीतरी वायरमन असेल, शिंपी असेल, सुतार असेल, नुसता कान तिखट असलेला माणूस असेल. त्याला जे दिसतं ते तुम्हाला दिसत नसतं.

या आठवड्याचा गृहपाठ तोच. रिकामा सेट, २४ फोटो, सलग चालवून बघा आणि लुकलुक कुठल्या जातीची आहे ते मला लिहून पाठवा. पुढच्या भागात मातीबद्दल. शाडूची माती का चालत नाही, ती सुकून का तडकते आणि मग काय वापरायचं, ते बोलू.

हातमोजे घालून चढणारा वायरमन सध्या चौदाव्या सेकंदाला पोचलाय. चला, साडेदहा होत आले. भांडी आवरते आणि मांडणीपाशी जाते. भेटू.